फेविकॉलनं चिकटवलेला मारवा

आज डोकं जाम फिरलंय, पोस्ट लांब होणार, आधीच सांगून ठेवते.

आपल्या इंदुरात विजयनगरला एक नवा कॅफे उघडतोय, नाव नाही सांगत. मेन्यूकार्डाच्या डिझाइनसाठी बोलावलं होतं, "मॅम, विंटेज विनाइल लुक चाहिए." गेले. बघते तर अख्खी भिंत एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या गाण्यांच्या तबकड्यांच्या, कव्हरांनी भरलेली, प्रिंटआउट नाहीत, खरीखुरी! रद्दीवाल्याकडून गठ्ठ्यानं उचलली म्हणे आणि मागून फेविकॉल चोपडून थेट प्लायवर. आणि तिसऱ्या ओळीत, एसीच्या बरोब्बर खाली, उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारी, एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. इंदुरात! ज्यांच्या गायकीला लोक इंदूर घराणं म्हणतात त्यांची!

तबकड्या कुठंयत विचारलं तर कॅफेवाला पोरगा म्हणाला, "वो तो ओव्हन में गरम करके बाउल बना लिए, नाचोज़ सर्व्ह करेंगे."

हीच रेकॉर्ड आमच्याकडे आहे. बाबांनी १९७१ च्या दिवाळीत मिलचा बोनस हातात पडल्या पडल्या घेतली होती, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. हे रामायण मी इतक्यांदा ऐकलंय की माझा जन्म नंतरचा असून मला पाठ आहे. कव्हरच्या मागं कोपऱ्यात बाबांच्या हिरव्या शाईत तारीख आणि खाली 'रात्री दोनदा ऐकली'. घरात नियम असा की हात धुवायचे, तबकडी कडेनं धरायची, आणि ती वाजत असेपर्यंत कव्हर माझ्या मांडीवर. एक बाजू वाजायची वीसेक मिनिटं. टीव्ही नाही, मोबाइल नाही, करणार काय, कव्हर बघायचं, उलटायचं, परत बघायचं. चौथीत असताना मागचं इंग्रजी मी अक्षर अक्षर लावून वाचायचे, मारवा संपायचा तरी माझा पहिला पॅरा संपलेला नसायचा.

म्हणजे कळतंय का, त्या डिझायनरला बारा इंच बाय बारा इंचाचा चौकोन आणि बघणाऱ्याची वीस मिनिटं मिळत होती, तीही दोन्ही बाजूंना. आम्हा डिझायनरांना आज मोबाइलवर अंगठा सरकायच्या आतला अर्धा सेकंद मिळतो, आणि वर क्लायंट म्हणतो लोगो मोठा करा.

आणि ते 'विंटेज लुक' प्रकरण! पिवळट रंग, घडीच्या रेघा, ओरखडे, सगळं एका टेम्प्लेटमध्ये. अरे भिया, कव्हर नवं होतं तेव्हा पिवळं नव्हतं रे! तो तबकडीचा गोल वळ आपल्या कपाटात दाबून ठेवल्यानं उमटलाय, डिझायनरनं नाही काढला. ती माणसं जुनं करत नव्हती, त्यांच्या काळातलं सगळ्यात नवं करत होती. आल्बम साध्या तपकिरी-करड्या वेष्टनात विकले जायचे तेव्हा अमेरिकेतला डिझायनर ॲलेक्स स्टाइनवाइस म्हणाला यावर चित्र काढू, ही १९४० च्या आसपासची गोष्ट. ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीची कव्हरं करणाऱ्या रीड माइल्सनं कित्येकदा दोन रंगांत भागवलं, फोटो कापला, अक्षरं एवढी मोठी केली की अक्षरंच वाजायला लागली, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला जॅझचं फारसं वेड नव्हतं म्हणतात. पीटर सॅव्हिलनं १९७९ साली जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या कव्हरवर काळ्यावर एका ताऱ्याच्या स्पंदनांच्या पांढऱ्या रेषा ठेवल्या, पुढं ना बँडचं नाव ना आल्बमचं. आज असं कुणाला दाखवलं तर पेमेंट अडकेल.

बरं, मान्य, त्या पोरानं उचलली नसती तर लगदाच झाला असता. आणि मीही काही सोवळी नाही, एका शेवेच्या पाकिटावर रीड माइल्सची मोठ्ठी अक्षरं सरळ ढापलीयत, लोकांना आवडलीही. पण ढापण्याआधी मी ती बघितली होती हो, तासन्‌तास!

चिडून मी त्याला विचारलं, इसके पीछे क्या लिखा है, पढ़ा था? चोवीस-पंचवीसचा असेल, गोंधळला. "पीछे भी कुछ होता है क्या?" हे त्यानं इतकं सरळ विचारलं की माझा अर्धा राग तिथंच उतरला. त्याच्या मांडीवर कुणी कधी कव्हर ठेवलंच नाही, त्याला काय ठाऊक. मग त्यानं स्वतःहून स्टूल आणलं, स्वयंपाकघरातला कालथा आणला, आणि मारव्याचा एक कोपरा हळूच उचकटायला लागला. पुट्ठा मधोमध सोलला गेला. पुढची बाजू हातात आली, मागची तशीच प्लायला, शाईकडून चिकटलेली, वर नुसता करडा लगदा. दोघंही गप्प बसलो.

तिथंही कुणीतरी कोपऱ्यात तारीख घातली असेल का, हे काही डोक्यातून जात नाहीये.

मेन्यूकार्डाचं अजून हो-नाही काही कळवलेलं नाही. इंदूरकरांनो, कुणाच्या माळ्यावर असा गठ्ठा पडला असेल तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी मला फोन करा, रामबाग असो नाहीतर राऊ, मी स्कूटर घेऊन येते. वाळवी लागलेली पण चालतील.