डबा माझा, डिस्क माझी, आणि रेकॉर्डिंग मात्र माझं नाही?

रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स बंद पडला की आतलं सगळं रेकॉर्डिंग गेलं म्हणून समजायचं, हा नियम नक्की कुणी केला आणि आपण सगळ्यांनी तो मुकाट्याने मान्य कसा केला, हे मला खरंच कळत नाही. माझा बॉक्स गेला. गेला म्हणजे बोर्ड जळाला, आतली हार्ड डिस्क एकदम ठणठणीत आहे. काढून कॉम्प्युटरला लावली तर फिरते, किती जीबीची आहे ते दिसतं, आणि लगेच खिडकी उघडते की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? अरे फॉरमॅट काय फॉरमॅट! त्यात माझ्या आईचा गाण्याचा कार्यक्रम आहे, एका चॅनेलवर एकदाच लागला होता, परत कधी लागला नाही आणि ऑनलाइन कुठेही नाही. डिस्क माझ्या हातात आहे, कार्यक्रम त्या डिस्कवर आहे, आणि तो मला बघता येत नाही.

कस्टमर केअरला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणते, सर नवीन बॉक्स मिळेल पण जुनं रेकॉर्डिंग त्यात येणार नाही, सिक्युरिटीसाठी तसं केलेलं असतं. तिच्यावर मी चिडलो नाही, तिला समोर जे लिहून दिलंय ते ती वाचणार. पण फोन ठेवल्यापासून डोक्यात तिडीक गेलीये ती गेलीये. कुणापासून सिक्युरिटी? माझ्या घरात, माझ्या कपाटावर ठेवलेल्या डब्यात, मी दर महिन्याला पैसे भरून घेतलेल्या चॅनेलवरचा कार्यक्रम, तो माझ्यापासूनच सुरक्षित ठेवायचा?

आता हे कुलूप किती पक्कं असतं ते बघा. रेकॉर्ड होताना प्रत्येक मिनिट एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, डिस्कवर जातं. त्याची किल्ली असते बॉक्सच्या चिपमध्ये, प्रत्येक बॉक्सची वेगळी, आणि ती बाहेर काढता येऊ नये अशीच ती चिप बनवलेली असते. बॉक्स सुरू होताना आधी स्वतःचं सॉफ्टवेअर कंपनीच्या सहीचंच आहे ना ते तपासतो, दुसरं काही टाकलं तर चालूच होत नाही. टीव्हीला जाणाऱ्या एचडीएमआय केबलमधनं सुद्धा चित्र एन्क्रिप्ट होऊनच जातं, त्याला एचडीसीपी म्हणतात. टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करायची सोय असते ना, तिथेही बहुतेक ठिकाणी हीच बोंब, तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या टीव्हीला लावा, अगदी त्याच मॉडेलच्या, प्ले होणार नाही. म्हणजे या लोकांना सिक्युरिटी येत नाही असं अजिबात नाही. उत्तम येते. इतकी चांगली येते की बोर्ड जळाल्यावर त्यांना स्वतःलाही माझ्या आईचं गाणं बाहेर काढता येत नाही.

आणि आता दुसरी बाजू. हाच डबा माझ्या वायफायवर चोवीस तास चालू होता. त्याच वायफायवर माझा लॅपटॉप आहे, बँकेचं ॲप असलेला फोन आहे, घरातल्या सगळ्यांचे फोटो आहेत. बॉक्स धडधाकट होता तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं होतं, सॉफ्टवेअरबद्दल माहिती नावाच्या पानावर सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, आणि त्याच्याच खाली अपडेट तपासा म्हटलं की उत्तर येतं, तुमची सिस्टिम अद्ययावत आहे. अद्ययावत! ब्राउझरमधून बॉक्सचं पान उघडलं तर युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, आणि तो बदलायला कुठे सोयच नाही. सगळीकडे शोधलं, मॅन्युअलमध्ये, मेनूमध्ये, नाही म्हणजे नाही.

हा माझा संताप आहे लोकहो. एकाच डब्यात दोन कुलपं आहेत. जे माझ्याविरुद्ध आहे ते लोखंडी, आणि जे चोराविरुद्ध पाहिजे ते लावलेलंच नाही.

याच्यामागचं कारणही काही गूढ नाहीये. चिप बनवणारा एक, तो जुनं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि त्याचे ड्रायव्हर देऊन मोकळा होतो. डबा बनवणारा दुसरा, तो त्याच्यावर आपला मेनू चढवतो. त्यावर नाव लावून विकणारा तिसरा. मॉडेल विकून झालं की पॅच करणं कुणाचंच काम राहत नाही, आणि करायला पैसेही कुणी देत नाही. कंटेंटचं कुलूप मात्र चॅनेलवाल्यांच्या आणि स्टुडिओच्या करारात लिहिलेलं असतं, ते तुटलं तर कार्यक्रमच मिळणार नाहीत, त्यामुळे तिथे सगळे दक्ष. माझं वायफाय कुणाच्याच करारात नाही.

कुणी म्हणेल टीव्हीच्या डब्यात शिरून कोण काय करणार, त्यात काय ठेवलंय. २०१६ आठवा. मिराय नावाचं मालवेअर आलं होतं, त्याने काही फार हुशारी केली नव्हती, त्याच्याकडे साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, कंपनीतनं येतात तशाच्या तशा, आणि इंटरनेटवर जी वस्तू दिसेल तिच्यावर तो त्या वापरून बघायचा. सीसीटीव्हीचे डीव्हीआर, कॅमेरे, राउटर, लाखोंनी हाताला लागले. त्यातल्या काही वस्तूंमध्ये पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे कंपनीने आत भरलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, पक्का बसवलेला होता, मालकाने स्क्रीनवरून बदलला तरी आतला तसाच राहायचा, मग मालकाने करायचं तरी काय? २१ ऑक्टोबर २०१६ ला याच वस्तूंच्या फौजेने डाइन (Dyn) नावाच्या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट असल्या साइट्स कित्येक तास गडगडल्या. लोकांच्या घरातले रेकॉर्डर हल्ला करत होते आणि लोकांना पत्ता नाही. आणि मिराय बनवणारी मंडळी कुठलं सरकार वगैरे नव्हती, पुढच्याच वर्षी गुन्हा कबूल केला तेव्हा कळलं की तीन तरुण पोरं होती.

त्यानंतर शहाणपण आलं असेल म्हणावं तर २०२५ च्या जूनमध्ये एफबीआयने पुन्हा इशारा दिला, बॅडबॉक्स २.० नावाच्या बाधित वस्तूंच्या जाळ्याबद्दल. यावेळी स्वस्तातले अँड्रॉइड टीव्ही बॉक्स. काही तर खोक्यातून बाहेर काढायच्या आधीच बाधित झालेले, आणि ते तुमचं इंटरनेट कनेक्शन गुन्हेगारांना वापरायला देतात, म्हणजे कुठेतरी कुणीतरी फसवणूक करणार आणि आयपी ॲड्रेस तुमच्या घराचा निघणार. तुम्ही निवांत मॅच बघताय.

आणि रेकॉर्डिंग हा काही गुन्हा नाहीये हो. हे भांडण कधीच होऊन गेलंय. सोनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स हे घरी टीव्ही रेकॉर्ड करायचं यंत्र आणलं, १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्नीने त्यांच्यावर दावा ठोकला, आणि १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की घरी बसून कार्यक्रम रेकॉर्ड करणं आणि सवडीने नंतर बघणं यात बेकायदा काही नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन व्हीसीआरची तुलना बायकांचे गळे दाबणाऱ्या खुन्याशी करून आले होते. झालं काय? त्याच व्हीसीआरच्या कॅसेटांवर स्टुडिओंनी पुढची कित्येक वर्षं बक्कळ पैसा कमावला. त्या काळात रेकॉर्ड केलेली कॅसेट मी तशाच प्रकारच्या कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू शकत होतो, शेजाऱ्याच्याही. व्हीसीआर बिघडला तर कॅसेट जात नव्हती! चाळीस वर्षांत तंत्रज्ञान पुढे गेलं आणि माझा हक्क मागे गेला, तोही कोर्टात हरून नाही, नुसता चिपमध्ये बंद करून. कोर्टाने दिलेलं इंजिनिअरने काढून घेतलं, आणि वर १९९८ च्या अमेरिकन कायद्याने, डीएमसीए, ते कुलूप तोडणंच बेकायदा करून ठेवलं. कॉपी करणं चालेल कदाचित, पण कुलूप उघडायचं नाही. मग कॉपी करू कशी?

२००८ चा प्रकार तर अजून संतापजनक आहे. विंडोज व्हिस्टाच्या मीडिया सेंटरवर लोक एनबीसी या अमेरिकन चॅनेलचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला गेले तर कॉम्प्युटरने चक्क नकार दिला, कारण कार्यक्रमासोबत 'रेकॉर्ड करू नका' अशी खूण आली होती. अशा खुणा पाळायची सक्ती कोर्टाने २००५ लाच मोडीत काढली होती, तरीही सॉफ्टवेअर ती खूण पाळत होतं. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून. ज्याने विंडोज विकत घेतलं त्याच्या बाजूने नाही, चॅनेलच्या बाजूने.

आणि हे कुलूप नुसतं गैरसोयीचं असतं तरी एक वेळ सोसलं असतं, पण ते लावताना हे लोक आपली सिक्युरिटी सरळ मोडून टाकतात. सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीचं २००५ चं प्रकरण अजून अंगावर येतं. गाण्याची सीडी, दुकानातनं पैसे देऊन घेतलेली, ती विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये घातली की कॉपी होऊ नये म्हणून एक सॉफ्टवेअर गुपचूप बसायचं, रूटकिट म्हणजे सिस्टिमच्या आत लपून राहणारं, आणि ते एका ठराविक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल लपवायचं. मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने ते स्वतःच्या मशीनवर शोधून काढलं आणि जगाला सांगितलं. थोड्याच दिवसांत व्हायरसवाल्यांनी त्याच लपण्याच्या जागेचा फायदा घेतला, आपल्या फाइलला तीच अक्षरं लावली की काम झालं. मग कंपनीने ते काढून टाकायचं टूल दिलं, तर त्या टूलनेच मशीनला नवीन भोक पाडलं! शेवटी सीड्या परत मागवाव्या लागल्या. ज्यांनी चोरून गाणी उतरवली त्यांच्या मशीनला या सीडीने काहीही झालं नाही. ज्यांनी पैसे मोजले तेच भोगले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

पायरसी थांबते या कुलपाने? कुठे थांबते ते दाखवा मला. डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्ये फुटलं. एचडीसीपीची मास्टर की २०१० मध्ये बाहेर आली आणि ती खरी आहे हे खुद्द इंटेलला मान्य करावं लागलं. चोरी करणाऱ्यांना जे हवं ते मिळतंच आहे, अडकून पडतो तो मी, ज्याला एक कार्यक्रम पेनड्राइव्हवर घेऊन आईला द्यायचाय.

शिवाय आपली गोपनीयता यांना इतकी किरकोळ वाटते की विचारायची सोय नाही. व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून लोक सेकंदासेकंदाला काय बघतात ते गोळा केलं, सेट टॉप बॉक्सवरचं, डीव्हीडीवरचं, सगळं, आणि ते विकलं. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. टीव्हीमागे हिशेब करा, वीस सेंट. त्या तंत्राला एसीआर म्हणतात, स्क्रीनवरच्या चित्राचे ठसे घेऊन सर्व्हरला पाठवायचं तंत्र, आणि आजही कित्येक टीव्हींमध्ये ते आहे, पाहण्याचा अनुभव किंवा तत्सम गोड नावाखाली, मेनूच्या चौथ्या पाचव्या पायरीवर. घरी असेल तर आजच शोधून बंद करा. मी बघितलेलं माझ्या घराबाहेर जायला काहीच अडचण नाही, मी रेकॉर्ड केलेलं मात्र डब्याबाहेर यायला बंदी!

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू केला की नेटला जोडायच्या घरगुती वस्तूंना सरसकट एकच पासवर्ड देऊन विकायचं नाही, आणि सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार ते ग्राहकाला सांगायचं. किती साधी गोष्ट. खोक्यावर ती तारीख छापायला काय जातं? बॉक्स मेला तर ओळख पटवून रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर घेता यावं, निदान त्याच कंपनीच्या, एवढी सोय ठेवायला काय जातं? किल्लीची एक प्रत त्याच ग्राहकाच्या खात्यात ठेवली असती तरी भागलं असतं. जमत नाही असं नाही, करायचं नाहीये.

आता मी जुन्या कॉम्प्युटरला टीव्हीचा सिग्नल घेणारा ट्यूनर लावून टीव्हीहेडएंड नावाचं रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर बसवतोय. त्यात रेकॉर्डिंग साध्या फाइलमध्ये होतं, कुठेही कॉपी करा, कशावरही बघा, पासवर्ड माझा, अपडेट दर आठवड्याला, आणि हे सगळं लोकांनी पगाराशिवाय, स्वतःच्या वेळात बनवलंय. पण त्यावर फुकट दिसणारी चॅनेलंच रेकॉर्ड होतात. ज्यांचे मी पैसे भरतो ती सगळी एन्क्रिप्टेड, आणि ती उघडणारं कार्ड फक्त त्यांच्याच डब्यात चालतं. नवीन डबा घेऊन जा म्हणून त्यांचा रोज मेसेज येतोय, आणि आईच्या कार्यक्रमाबद्दल विचारलेल्या मेलला अजून उत्तर नाही.