स्लीपचा सल्ला कोकणात नको
'रात्री कम्प्युटर बंद करत बसू नका, स्लीपवर टाका' हा लेखातला सल्ला शहरात ठीक. आमच्या देवगडात पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. साध्या स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहतं. वीज गेली की सेव्ह न केलेलं गेलंच म्हणायचं. त्यापेक्षा हायबरनेट बरं, सगळं डिस्कवर उतरतं, मग खुशाल प्लग काढा. विंडोजने हा पर्याय उगाच लपवलाय. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये टिक करावी लागते.

आणि मे अखेरीस किंवा परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, राउटरकडून येणारी केबलही काढा. हे लेखात कुठेच नाही. शेजारच्या काकांचा पीसी त्या केबलमधूनच गेला, प्लगला स्पाइक गार्ड (विजेचा झटका अडवणारा बोर्ड) लावलेला असून!