बंबाखाली इंजिन ऑईल जाळायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

"जुनं इंजिन ऑईल फेकू नका. आमचा बर्नर बंबाला जोडा आणि गॅसचा खर्च विसरा. धूर नाही, राख नाही. पाण्याचा थेंब सोडला की त्याचा हायड्रोजन होऊन निळी ज्योत. परदेशात घरोघरी ऑईल बर्नर आहेत, इथं गॅस कंपन्या दाबून ठेवतात. कोणत्याही बंबाला बसतो, न्हाणीघरातही चालतो."

असा मेसेज आणि त्यासोबतचा एक व्हिडिओ सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो सोडून दिला असता. पण खानापूर तालुक्यातल्या माझ्या मामांचा फोन आला, "तू बर्नरचंच काम करतोस न्हवं? हा घेऊ काय? थोडे पैसे भरलोय." मामा-मामी दोघंच घरात, दोघंही सत्तरीच्या पुढे. पावसात लाकूड पेटत नाही म्हणून जीव मेटाकुटीला आलेला. नेमकी अशीच घरं या मेसेजला भुलतायत, म्हणून राग आवरून लिहितोय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत बर्नर बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. डिझेलचे, एलडीओचे (म्हणजे लाईट डिझेल ऑईलचे), भट्टीत जाळायच्या फर्नेस ऑईलचे बर्नर रोज हाताखालून जातात.

सगळ्यात आधी "धूर नाही, राख नाही" हे घेतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान याच वाक्यात आहे.

इंजिनचे भाग झिजू नयेत म्हणून नव्या ऑईलमध्येच जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम यांची संयुगं घातलेली असतात. गाडी पळते तशी त्यात झिजलेलं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, कधी बेअरिंगमधलं शिसं मिसळतं. वर काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि थोडं पाणी. तेल पेटवलं की त्यातला कार्बन आणि हायड्रोजन जळतो. जस्त आणि शिसं जळून नाहीसं होत नाही, त्याची राख होते. मग ती राख गेली कुठं?

हे बर्नरच्या जातीवर ठरतं. एका प्रकारात तेल भांड्यात तापतं आणि त्याची वाफ जळते. त्यात बहुतेक धातू भांड्याच्या तळाशी काळ्या खरपुडीत अडकून राहतात. दुसऱ्या प्रकारात ब्लोअरच्या हवेनं तेलाचा फवारा उडवतात. तिथं धातू बारीक कणांच्या रूपात ज्योतीबरोबर थेट वर निघून जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, उत्सर्जनाचे आकडे संकलित केलेत. त्यात वाया गेलेलं तेल जाळण्यावर वेगळं प्रकरण आहे आणि त्यातही हाच फरक दाखवलाय. फवाऱ्याच्या बर्नरमधून धुराड्यातून बाहेर पडणारं शिसं भांड्याच्या बर्नरच्या कितीतरी पट आहे. व्हिडिओतला बर्नर फवाऱ्याचाच आहे. माणूस शेवटी खालचं स्वच्छ भांडं कॅमेऱ्यापुढे धरतो आणि "बघा, राख नाही" म्हणतो. भांड्यात राख नाही, कारण ती हवेत गेली. न्हाणीघरात असाल तर तुमच्या छातीत गेली.

धूर कमी दिसतो हे मात्र खरं, ते मान्य करतो. ब्लोअरनं हवा भरपूर मिळते, ज्योत कडक होते, काजळी कमी होते. पण काळा धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असं होत नाही. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये बेंझोपायरीनसारखी द्रव्यं साठत जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बेंझोपायरीनला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. उरलेली राख बंबाच्या मधल्या नळीला आतून चिकटते, पाणी तापायला वेळ लागू लागतो. मग घरातली बाई ती खरवडून परसात नारळाच्या बुडाशी टाकणार, लाकडाची राख टाकतात तशी. जळणाची राख झाडाला चालते. ही चालत नाही.

आता पाण्याचा थेंब. मेसेज म्हणतो, पाण्याचा हायड्रोजन होतो आणि तो जळून जास्त आच मिळते. पाणी फोडून हायड्रोजन काढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच तो जळल्यावर परत मिळते. जास्तीचं एक कॅलरीही हाती लागत नाही, सगळी उष्णता तेलातूनच येते. यातही अर्धं सत्य आहे. ज्योतीत वाफ सोडली तर काजळी कमी होते. तेलशुद्धीकरण कारखान्यांत उंच नळीवर जळणाऱ्या ज्योतीत त्यासाठीच वाफ सोडतात. पण ती मोजून, वेगळ्या नळीतून, आधीच वाफ झालेली असते. नळातून ठिबकणाऱ्या पाण्याशी तिचा काही संबंध नाही.

पाणी तेलापेक्षा जड. जळत्या तेलाच्या भांड्यात पडलं की तळाशी जातं, तिथं क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर वाफ होते. ती वाफ वरचं पेटलेलं तेल घेऊनच बाहेर उसळते. वडे तळताना ओला झारा कढईत गेला तर काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथं ते तेल पेटलेलं असतं, आणि समोर सत्तरीची बाई अंघोळीचं पाणी काढायला वाकलेली असते. त्यात बंबाची तोटी गळकी असली तर कुणी थेंब मुद्दाम सोडायचीही गरज नाही. हा सल्ला देणाऱ्याला मी अडाणी म्हणून सोडणार नाही. जो माणूस बर्नर विकतो त्याला हे माहीत असलंच पाहिजे.

"परदेशात घरोघरी आहेत." हो, आहेत. ब्रिटनच्या खेड्यांत केरोसीनवर आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत हीटिंग ऑईलवर घरं गरम करणारे बॉयलर आहेत. पण तिथं इंधन ठरलेल्या दर्जाचं. पंप साधारण १०० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाबानं ते बारीक नॉझलमधून सोडतो. फोटोसेल ज्योतीवर नजर ठेवतो, ज्योत विझली तर तेल आपोआप बंद. धूर घराबाहेर नेणारं धुराडं आणि दर वर्षी तपासणी. अमेरिकेत वापरलेलं ऑईल हीटरमध्ये जाळायला परवानगीही आहे, १९९२ च्या नियमांनुसार. अटी अशा: हीटर ताशी पाच लाख बीटीयूपेक्षा (बीटीयू हे उष्णतेचं माप) मोठा नको, जाळायचं ते स्वतःकडे निघालेलं किंवा लोकांनी घरच्या गाडीचं आणून दिलेलं ऑईल, आणि जळालेला वायू बाहेरच्या हवेत सोडलेला हवा. गॅरेजवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही सोय आहे. व्हिडिओतल्या यंत्राला फोटोसेल दिसत नाही, धुराडं दिसत नाही, आणि तेलाच्या डब्याला हातानं फिरवायचा साधा कॉक आहे.

"फुकट इंधन" याचा हिशेब करू. चाळीस लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे १.४ युनिट उष्णता लागते. अर्धी उष्णता वाया जाते असं धरलं तर पाव लिटरहून थोडं जास्त ऑईल रोज. महिन्याला आठ लिटर. मोटरसायकलमधून निघतं एकेका वेळी लिटरभर, तेही काही हजार किलोमीटर पळवल्यावर. बाकीचं गॅरेजमधून आणणार? २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑईल येतं. गॅरेजवाल्यानं ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. तुमच्या बंबासाठी डब्यात ओतून देणं त्या नियमात बसत नाही.

"कोणत्याही बंबाला बसतो, न्हाणीघरात चालतो" याला एकच उत्तर: कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. पावसाळ्यात खिडकी बंद असलेल्या न्हाणीत लाकडाचा बंबही पेटवू नये, तेलाचा तर लांबच. गार तेल लवकर पेटत नाही म्हणून व्हिडिओत वरून पेट्रोल शिंपडलंय, तेही कुणी करू नका. गॅस कंपन्यांच्या कारस्थानावर वेळ घालवत नाही.

मामांची अडचण खोटी नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सोलरचं पाणी जुलैत का तापत नाही ते सांगावं लागत नाही. त्यांना मी सांगितलं: आयएसआय छापाचा गीझर घ्या, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. रोजचं दीड युनिट, थोडं इकडे-तिकडे. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईन गेली की परड्यातला बंब आहेच. त्यासाठी लाकूड आणि करवंट्या मार्चपासूनच पत्र्याखाली रचा, आणि नळीतली काजळी पाऊस सुरू व्हायच्या आत काढा.

मंगल कार्यालय, वसतिगृह, लॉज चालवणाऱ्यांना मोठ्या बॉयलरसाठी खरोखर ऑईल बर्नर लागू शकतो. त्यांनी पंप, ब्लोअर, नॉझल एकत्र असलेला डिझेलचा बर्नर बघावा, बॉयलरच्या क्षमतेला जुळणारा. नॉझल मोठं घेतलं की पाणी लवकर तापेल असं वाटतं, पण जास्तीच्या तेलाची उष्णता धुराड्यातूनच जाते. सोलेनॉईड व्हॉल्व्ह (तेल विजेवर चालू-बंद करणारी झडप) आणि फोटोसेल हवाच. पेटण्याआधी ब्लोअर आत साठलेली तेलाची वाफ झटकून टाकतो का, तेही चालवून बघा. मग विकणाऱ्यासमोर चालू बर्नरचा फोटोसेल काढून हातानं झाकायला सांगा. काही सेकंदांत तेल तुटून बर्नर लॉक झाला नाही, तर पैसे देऊ नका.