मुंबई आंदणात घेणारा जावई

'पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली' हे शाळेपासून ऐकतोय. ती घेणारा जावई कसा होता, हे मात्र कुणी सांगत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, पोर्तुगालच्या राजकन्येचा नवरा. जन्म १६३०, म्हणजे शिवाजी महाराजांच्याच सालचा. (साम्य तिथंच संपतं.)

त्याची ख्याती रंगेल राजा म्हणून. नाटकं, कुत्री, बायका. खोटं नाही ते. राणीपासून वारस एकही नाही आणि बाहेरची डझनभर मुलं त्यानं स्वतः मान्य केलेली. पण मला तो रंगेल कमी आणि धास्तावलेला जास्त वाटतो.

बाप पहिला चार्ल्स, इंग्लंडचा राजा; संसदेशी झालेल्या युद्धात हरला आणि १६४९ला त्याचं मुंडकं उडवलं गेलं. १६५१ला पोरगा वूस्टरला संसदेचा सेनापती क्रॉमवेल याच्याशी लढाई हरला आणि पळाला. सहा फुटांच्या वर उंची, कुठं लपणार? केस कातरले, तोंडाला काजळी फासली, लाकूडतोड्याचे कपडे चढवले. मापाचे जोडे मिळेनात, पायांची सालटं निघाली. बॉस्कोबेलला एका ओकच्या झाडावर दिवसभर दडून बसला, खाली क्रॉमवेलचे शिपाई रान धुंडाळतायत! सहा आठवड्यांनी फ्रान्सला निसटला. पुढची वर्षं परक्यांच्या दारात, उधारीवर.

१६६०ला संसदेनंच परत बोलावलं. २९ मे, तिसाव्या वाढदिवशी, वाजतगाजत लंडनमध्ये शिरला. बहुतेकांना माफी दिली, हे त्याचं शहाणपण. क्रॉमवेलचं मढं मात्र उकरून टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, लटकवलं गेलं.

त्यानंतर एकच धोरण: पुन्हा परागंदा व्हायचं नाही. त्यासाठी काहीही. १६७०ला डोव्हरला फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्याशी गुप्त तह केला. पैसे घ्यायचे, बदल्यात कॅथलिक व्हायचं वचन, तेही कॅथलिकांचा तिटकारा असलेल्या प्रोटेस्टंट इंग्लंडचा राजा असताना. बाकीच्या मंत्र्यांना दाखवायला वेगळा, खोटा तह तयार केला! हिशेबी माणूस.

किंमत दुसऱ्यांनी मोजली. मुंबईचा ताबा घ्यायला १६६२ला राजाचा अधिकारी शिपमन चारेकशे शिपाई घेऊन आला. पोर्तुगीज व्हाइसरॉय ताबा देईना. माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तापानं मेली, शिपमनही गेला. उरलेली शंभरेक १६६५ला मुंबईत पोचली. तीन वर्षांत राजानं बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

पण मला माफ होत नाही ते वेगळंच. १६७८ला टायटस ओट्स नावाच्या एका लबाडानं, कॅथलिक राजाला मारायचा कट करतायत, अशी बोंब ठोकली. राजानं स्वतः उलटतपासणी घेऊन त्याला खोटं बोलताना पकडलं. तरी निरपराध माणसं फासावर जात राहिली, हा गप्प. आयर्लंडचा कॅथलिक आर्चबिशप (मोठा धर्मगुरू) प्लंकेट निर्दोष आहे हे कळत असूनही त्याला माफी द्यायची छाती झाली नाही. १६८१ला प्लंकेटला टायबर्नला फाशी झाली. चारच वर्षांनी हाच राजा, मरणाच्या दारात, कॅथलिक पाद्री चोरून बोलावून त्याच पंथात गेला.