‘लेखक फक्त लेखक असतो’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडेच तो चार वेगवेगळ्या गटांतून आला, आणि पाठवणारी सगळी वाचणारी माणसं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी लेखक हा फक्त लेखक असे, आता दलित, आदिवासी, मुस्लिम, तृतीयपंथी अशा चिठ्ठ्या लागल्या आणि मराठी साहित्याचे तुकडे पडले. या मंडळींकडे स्वतःच्या दुःखाच्या कहाणीपलीकडे सांगण्यासारखं काही नसतं. भाषा अशुद्ध आणि शिवराळ. खऱ्या लेखकाला कुणाबद्दलही लिहिता येतं, त्यासाठी तिथे जन्मावं लागत नाही. आणि हल्ली पुरस्कार पुस्तक बघून नाही, जन्म बघून देतात.

मी पंचवीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे, आणि बहुतेक वेळा गप्प बसले आहे. म्हणून आज एकेक मुद्दा घेते.

‘पूर्वी लेखक फक्त लेखक असे.’ हे ‘पूर्वी’ नेमकं कधी? १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. आपलं साहित्य संमेलन स्वतःची मोजणी तिथूनच करतं. पुढे १८८५च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. सगळ्या माणसांचे हक्क जे उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तकं यांच्याशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, हा त्या पत्राचा आशय. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच फट दिसत होती. ती १९७२ साली दलित पँथर या तरुण लेखक-कार्यकर्त्यांच्या संघटनेने पाडली नाही. या संमेलनाला पहिला दलित अध्यक्ष मिळाला तो १९८४ साली जळगावला, शंकरराव खरात. मधे १०६ वर्षं गेली. स्त्रियांचंही बघा: २०२५ साली दिल्लीत ९८वं संमेलन झालं तोवर सहाच अध्यक्षा झाल्या.

आणि चिठ्ठी लागते कुणाला? पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरात घडणाऱ्या कादंबरीला आपण नुसतं ‘कादंबरी’ म्हणतो. तिलाही जात असते, पत्ता असतो, स्वयंपाकघर असतं. पण ते आपल्या ओळखीचं असल्यामुळे ते सगळ्यांचंच आहे असं आपण धरून चालतो. मी स्वतः किती तरी वर्षं असंच शिकवलं. ‘मराठी कथा’ हा एक तास, आणि ‘दलित कथा’ हा वेगळा तास. हे कप्पे अभ्यासक्रमाने केले होते, बाबुराव बागुलांसारख्या दलित कथाकारांनी नव्हे.

शिवाय वेगवेगळ्या घरांतून येणारे लेखक हा काही आजचा पाहुणा नव्हे. चोखोबा, सोयराबाई आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद यांची नावं कुणाला सांगायला नकोत. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. विधवांचे हाल मांडणारी ही कादंबरी ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी लिहिली.

आता आत्मकथनांचा मुद्दा, कारण मजकुराचा सगळा जोर तिथेच आहे. आधी जे कबूल करायचं ते करते: सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून आत्मकथनांची लाट आली, आणि लाटेत साच्यातली पुस्तकंही आली. मला काही पुस्तकं मधेच सोडून द्यावी लागली. पण असं कुठल्या प्रकारात झालं नाही? फडके-खांडेकरांच्या पाठोपाठ आलेल्या शेकडो कादंबऱ्या आज कुणाला आठवतात? त्यावरून कुणी पांढरपेशांना लिहिताच येत नाही असं म्हटलं नाही.

आणि ‘नुसती कहाणी’ म्हणण्याआधी ‘बलुतं’ची पहिली पानं पुन्हा उघडा. १९७८ साली आलेलं हे पुस्तक दया पवारांनी सरळ ‘मी’ म्हणून सुरू केलेलं नाही. शिकलेला, नोकरी करणारा दया पवार ऐकतो आहे आणि दगडू मारुती पवार त्याला आपली हकिकत सांगतो आहे. एकाच माणसाचे असे दोन भाग करायचे, एकाने दुसऱ्यापुढे बोलायचं, आणि शिकून वर आलेल्याला मागे राहिलेल्याची लाजही वाटते आहे हे वाचकाला न सांगता कळू द्यायचं. ही कारागिरी आहे. ती वर्गात उलगडून दाखवताना मला दर वर्षी नवं काही सापडायचं. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये बांबूची सुपं-टोपल्या विणणारी आई आहे, आणि लेकीचं लिहिणं त्याच विणीने चालतं, एक काडी सोडून दुसरी धरायची, पुन्हा पहिलीकडे यायचं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ना आपण मराठी गद्याचा दागिना मानतो, आणि ते योग्यच आहे. तिथे कुणी ‘या बाईंना स्वतःपलीकडे काही सुचत नव्हतं’ म्हणत नाही. मग बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’ या दलित आत्मकथनाला वेगळं माप का?

बरं, आत्मकथनापलीकडे काहीच नाही हेही खोटं. बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा, म्हणजे आत्मकथनांच्या लाटेआधीचा. अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबऱ्याच तीसहून अधिक भरतात. ‘अक्करमाशी’ लिहिणाऱ्या शरणकुमार लिंबाळ्यांना २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला तो ‘सनातन’साठी, आणि ती कादंबरी आहे.

भाषेचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो. बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या ओव्या मुलाने आणि आप्तांनी उतरून घेतल्या, आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक आलं. ती खानदेशी बोली आपण पाठ केली, गायली, तिला कुणी अशुद्ध म्हटलं नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली वऱ्हाडीही आपण मानली. मग नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाशी येऊनच शुद्धलेखन का आठवतं? मला वाटतं, बहिणाबाईंची बोली आपल्याला जाब विचारत नाही, ढसाळांची विचारते. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. भाषेवर हुकमत असलेला हा नाटककार. त्यांनाही त्या कवितांमधल्या अनेक शब्दांचे अर्थ कवीला विचारून घ्यावे लागले, आणि त्यांनी ते विचारले. शब्द ठाऊक नसला की विचारायचा, एवढं साधं ते. वाचकाला तेवढंही जमू नये का?

एकदा वर्गात एक उतारा वाचताना मागच्या बाकावरची मुलगी एकदम ताठ बसली. तास संपल्यावर म्हणाली, “मॅडम, हा शब्द आमच्या घरात आहे. पुस्तकात असतो हे माहीत नव्हतं.” त्या आधीची दोन वर्षं ती एकदाही बोलली नव्हती. पुढे ती निबंध लिहून आणू लागली, आणि माझ्या लाल शाईचा हात बराच सावध झाला.

‘कुणीही कुणाबद्दल लिहू शकतो’ हे तत्त्व मला मान्यच आहे. लिहावं. पण ते तत्त्व एकाच दिशेने वापरलं गेलं. आदिवासी पाड्याबद्दल शहरातल्यांनी लिहिलं, आणि पाड्यावरचा माणूस लिहू लागला की त्याच्या लिहिण्याला ‘फक्त अनुभव’ म्हटलं. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता नेमकी यावरच आहे: आम्हाला कुणी स्टेजवर बोलावलंच नाही, ते तिथे उभे राहून आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, आणि दुःख आमचंच राहिलं. यात इतरांनी लिहू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. वाहरूंनी भिलीत लिहिलं, मराठीतही लिहिलं. दुसऱ्या भाषेत येऊन लिहिण्याचे कष्ट आपल्यापैकी कितीजणांनी घेतले आहेत?

राहिला पुरस्कारांचा मुद्दा. त्यात निवडी चुकतात, वशिले चालतात, आणि ते सगळ्याच घरांतल्या लेखकांबाबत होतं. त्याबद्दल जरूर भांडावं. पण जन्माच्या दाखल्यावर सुखाची दारं उघडतात हे म्हणणाऱ्यांनी नवनाथ गोरे यांचं उदाहरण बघावं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा हा लेखक. ‘फेसाटी’ या कादंबरीला २०१८चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. टाळेबंदीत प्राध्यापकाची कंत्राटी नोकरी गेली, आणि २०२०च्या पावसाळ्यात तो लोकांच्या शेतात मजुरीला जात होता.