रडणारा कोण, असं विचारण्याआधी

ठाण्यातल्या आमच्या चरईच्या इमारतीतले काका श्रावणात गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी काकूंच्या फोनवर एक संदेश आला. तो तुमच्याकडेही आला असेल. सोसायटीचा गट, भजनी मंडळाचा गट, सकाळी तलावपाळीला फिरायला जाणाऱ्यांचा गट, सगळीकडे तो फिरून झालाय. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

“‘मी’ नावाचं काही नाहीच. जग मिथ्या आहे, म्हणजे खोटं आहे. म्हणून दुःखही खोटं. रडणारा कोण आहे ते शोधा, कोणी सापडणार नाही. करणारा कोणी नाही, म्हणून करायचंही काही नाही. जप, भक्ती, गुरू हे मनाचे खेळ. शंकराचार्य, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज सगळ्यांनी हेच सांगितलं आणि आता विज्ञानानेही ते सिद्ध केलं आहे.”

पाठवणाऱ्याला धीरच द्यायचा होता, याबद्दल मला शंका नाही. पण काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, “अगं, मला रडू येतं. म्हणजे इतकी वर्षं अमृतानुभव वाचला तो फुकटच गेला का?”

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सातआठ जणी त्यांच्याच घरी ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव वाचायला बसतो. त्या प्रश्नानंतर मला गप्प बसवेना. या संदेशातली जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त लागते. एकेक ओळ घेऊन उत्तर देते.

“‘मी’ नावाचं काही नाहीच.” यात काय खरं आहे ते आधी मान्य करू. तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळी दहा मिनिटं शांत बसून पाहावं. रिक्षांचे हॉर्न, भेळवाल्याची हाक, पाण्यावरून येणारा वारा, गुडघ्यातली कळ हे सगळं जाणवत असतं. पण जाणणारा कुठे बसलाय, डोक्यात की छातीत, हे शोधायला जावं तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. जे सापडतं ते पुन्हा जाणवणारंच काहीतरी असतं. आपण ज्याला ‘मी’ म्हणून कवटाळतो ते नाव, नातं, पगार, मान-अपमान यांचं एक गाठोडं आहे, आणि ते गाठोडं म्हणजे मी नव्हे, इथपर्यंत सगळे आचार्य एकमुखाने सांगतात.

पण “म्हणून मी नाही” हे पुढचं पाऊल वेदान्ताचं नाही. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात सुरुवातीलाच सांगतात की स्वतःचं असणं प्रत्येकाला प्रत्ययाला येतं, ‘मी नाही’ असा प्रत्यय कुणालाच येत नाही. त्याच भाष्यात पुढे आणखी स्पष्ट म्हटलंय: आत्म्याला जो नाकारतो, तो नाकारणाराच आत्मा आहे. बौद्धांचा अनात्मवाद, म्हणजे कायमचा आत्मा नाहीच असं मानणं, हा एक वेगळा आणि मोठा विचार आहे. त्याच्याशी वेदान्ताच्या आचार्यांनी शतकानुशतकं वाद घातला. त्या दोघांना एका ओळीत कोंबलं की दोघांवरही अन्याय होतो.

निसर्गदत्त महाराजांचं नाव तर या संदेशात यायलाच नको होतं. मूळचे मारुती कांबळी, मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे गृहस्थ. १९३३ साली त्यांना इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज भेटले. गुरूंनी सांगितलं ते ‘मी नाही’ असं नव्हे. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, असं सांगितलं. महाराजांनी तीन वर्षं तेच केलं, आणि १९८१ साली देह ठेवीपर्यंत येणाऱ्याला तेच सांगितलं. शेवटी ही जाणीवही ओलांडायची आहे हे ते म्हणत, पण दार तेच. दाराशी उभं राहायच्या आतच ‘दार नाही, घर नाही’ असं सांगून माणसाला परत पाठवणं ही त्यांची शिकवण नव्हे.

आता मुख्य ओळ. “जग मिथ्या, म्हणजे खोटं, म्हणून दुःखही खोटं.”

मिथ्या या शब्दाचा अर्थ खोटं असा नाही. खोटं म्हणजे सशाचं शिंग, वांझेचा मुलगा. ते कधी दिसतच नाही, त्याची कुणाला भीती वाटत नाही. दोरीवर दिसलेला साप मात्र दिसतो, छाती धडधडते, घाम फुटतो. म्हणून त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही; दिवा लावल्यावर तो उरत नाही, म्हणून ‘आहे’ही म्हणता येत नाही. या मधल्या स्थितीला वेदान्ताने मिथ्या म्हटलं. म्हणूनच अद्वैतात सत्तेचे तीन थर मानले आहेत. स्वप्न आणि भास हे प्रातिभासिक, आपलं जागेपणीचं जगणं व्यावहारिक, आणि ब्रह्म पारमार्थिक. व्यवहाराच्या थरात विस्तव भाजतो, औषध लागू पडतं, माणूस मरतो आणि मागे राहिलेलं माणूस रडतं. तिथल्या प्रश्नाला पारमार्थिक थरातलं उत्तर फेकणं म्हणजे तहानलेल्याला ‘पाणी हे नुसतं नाव आणि रूप आहे’ असं सांगण्यासारखं आहे. वाक्य बरोबर असेल, पण ते म्हणायची ती जागा नव्हे.

शिवाय ज्या श्लोकावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो पुरता कुणी पाठवतच नाही. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या त्या ओळी अशा: “ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या जीवो ब्रह्मैव नापरः”. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा म्हणतो, जीव ब्रह्मच आहे, दुसरं काही नाही. म्हणजे समोर रडणाऱ्या बाईला ‘तू नाहीस’ असं नव्हे, ‘तू तेच आहेस’ असं सांगितलंय. इतका फरक पडतो.

आणि आपण तर ज्ञानेश्वरांच्या मुलखातले. माउलींनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचंच खंडन केलंय. ज्या अज्ञानातून जगाचा भास झाला म्हणायचं, ते अज्ञान शोधू गेल्यावर हाती लागत नाही, असं ते ओवीमागून ओवी दाखवत जातात. मग जग काय आहे? त्याला ते वस्तुप्रभा म्हणतात, त्या एका वस्तूचीच, म्हणजे ब्रह्माचीच, प्रभा. जगाकडे पाहून ‘खोटं’ म्हणत नाक मुरडणारा माणूस मला अमृतानुभवात कुठेही भेटलेला नाही.

वेदान्तातली दहाव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दहा जण नदी उतरून जातात, प्रत्येक जण मोजताना स्वतःला विसरतो, नऊच भरतात. दहावा बुडाला म्हणून सगळे ऊर बडवतात. वाटसरू येऊन सांगतो, दहावा तूच आहेस. गोष्ट बहुतेक जण इथे संपवतात. पण चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी पंचदशी या वेदान्तग्रंथात ती एक पाऊल पुढे नेली आहे. रडताना त्या माणसाने डोकं आपटून घेतलं होतं. दहावा आहे हे कळताच रडणं थांबलं. डोक्यावरची जखम मात्र लगेच भरली नाही, हळूहळू भरत गेली, महिना लागला.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. दहावा कधी बुडालाच नव्हता, दुःखाचं कारणच भ्रमाचं होतं, आणि तरीही आचार्य जखम खोटी म्हणत नाहीत. इथे तर काका खरोखर गेलेत. मग काकूंच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या शास्त्राने खोटं ठरवायचं?

“रडणारा कोण आहे ते शोधा.” ‘मी कोण’ हा शोध रमण महर्षींनी सांगितला. तो स्वतःने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा नाही. आणि दुःखाच्या प्रसंगी महर्षी स्वतः कसे वागले, तेही पाहावं. १९१४ साली त्यांची आई टायफॉइडने आजारी पडली, तेव्हा त्यांनी तिची सेवा केली आणि ती बरी व्हावी म्हणून, ज्या डोंगराला ते शिव मानत त्या अरुणाचलाला विनवणारी पद्यं रचली. ‘आजारी कोण आहे ते शोध’ असं आईला म्हणाले नाहीत. १९२२च्या मे महिन्यात ती गेली, त्या दिवशी ते तिच्या उशाशी बसून होते. एक हात तिच्या छातीवर, एक मस्तकावर. तिच्या समाधीभोवतीच पुढे रमणाश्रम उभा राहिला. शेवटी त्यांच्या स्वतःच्या दंडावर कर्करोगाची गाठ आली, १९४९ या एका वर्षात चार शस्त्रक्रिया झाल्या. त्यांनी डॉक्टरांना काम करू दिलं.

“करणारा कोणी नाही, म्हणून करायचं काही नाही.” कर्तेपणाचा अभिमान सोडा, असं गीता सांगते, ती सांगितली रणांगणावर, आणि ऐकून झाल्यावर अर्जुनाने धनुष्य उचललं, खाली ठेवलं नाही. शंकराचार्यांनी ज्ञानाच्या आधीच विवेक, वैराग्य, शमदमादी (मन आणि इंद्रियं आवरणं वगैरे) सहा गुण आणि मुमुक्षा म्हणजे मोक्षाची ओढ, अशी चार साधनांची अट घातली. निसर्गदत्त महाराज खेतवाडीतल्या पोटमाळ्यावर रोज भजन करत, गुरूंच्या तसबिरीची पूजा करत, आणि मुलाबाळांचा संसारही त्यांनी निभावला. समर्थांचं “आधी प्रपंच करावा नेटका” तर घराघरांत पाठ आहे. माझ्या माहितीत एक जण असा आहे, की ‘कर्ता मी नाही’ असं म्हणत त्याने आईच्या औषधपाण्याची सगळी जबाबदारी बायकोवर टाकली. कर्तेपण गेलं असेल तर ते आधी श्रेय घेताना जावं. त्याचं मात्र कष्ट करायच्या वेळीच जातं.

भक्तीला मनाचा खेळ म्हणणाऱ्यांना माउलींची एक ओवी पुरे: “देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा”. एकाच डोंगरात कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवतात, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये? आम्ही ठाणेकर येऊरच्या डोंगराला रोज पाहतो. त्याच जंगलात पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथे जाऊन उभं राहिलं की ही ओवी डोळ्यांनी दिसते. मूर्ती, खांब, स्तूप, बसायची ओटी, सगळा एकच दगड. तरी मूर्ती मूर्ती आहे आणि तिच्यापुढे हात जोडणारी आकृतीही आहे. एकपणा न मोडता दोघांचा व्यवहार होऊ शकतो, हे माउलींनी अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात, ज्ञान झाल्यानंतरच्या अवस्थेबद्दल सांगितलंय. ‘ज्ञान झालं की भक्ती संपली’ याचं हे थेट उत्तर आहे.

विज्ञानाबद्दल थोडक्यात. मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांचा १९८३चा प्रयोग पुढे केला जातो: हात हलवायची इच्छा जाणवण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. त्यावरून ‘मी’ खोटा ठरला, असं स्वतः लिबेट म्हणाले नाहीत; उलट शेवटच्या क्षणी ती कृती रोखायला जागा उरते, असं त्यांचं मत होतं. आणि ती आधीची हालचाल म्हणजे निर्णय नसून मेंदूतल्या चढउतारांची बेरीज असू शकते, असं २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी मांडलं. क्वांटम भौतिकशास्त्राचंही तसंच. तिथलं ‘निरीक्षण’ म्हणजे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी कणाची उपकरणाशी पडलेली गाठ, कुणा माणसाची जाणीव नव्हे. त्या शास्त्राच्या पायाभरणीतले श्रोडिंगर उपनिषदं मनापासून वाचत, त्यांनी ते उघडपणे लिहिलंही. पण त्यांच्या १९२६च्या समीकरणात आत्मा कुठे नाही. ज्या अनुभवाला वेदान्त स्वसंवेद्य, म्हणजे ज्याचा त्यालाच कळणारा, म्हणतो, त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागावा असं मला तरी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र घाईने सोडता येणार नाही. मोठ्या धक्क्यानंतर, जागरणांनी, तीव्र चिंतेने, काहींना अति ध्यानानेही ‘मी नाहीच’, ‘सगळं काचेपलीकडचं, खोटं वाटतंय’ असं होऊ लागतं. डॉक्टर त्याला डिपर्सनलायझेशन-डिरिअलायझेशन म्हणतात. त्यात माणूस जगापासून तुटतो, घाबरतो, आपल्या माणसांचा स्पर्शही परका वाटतो. संतांनी वर्णन केलेला अनुभव नेमका याच्या उलट आहे. तिथे परकं काही उरत नाही. वरचा संदेश अशा माणसाच्या हाती पडला तर तो आजारालाच साक्षात्कार समजून बसेल. आपल्या शहरात १९०१पासून मनोरुग्णालय आहे आणि “याला ठाण्याला पाठवा” ही थट्टा महाराष्ट्रभर चालते. त्या थट्टेमुळे कितीतरी जण डॉक्टरकडे जायला लाजतात. तुमच्या ओळखीत कुणी असं म्हणत असेल तर त्याला श्लोक पाठवू नका, सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उत्तर देतो.

गेल्या गुरुवारी आम्ही पुन्हा बसलो. वाचायला सुरुवात करण्याआधी मी काकूंना पंचदशीतला तो जखमेचा श्लोक वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“महिनाच म्हटलंय का गं त्यात?”

“हो काकू. ‘मासेन’ असाच शब्द आहे.”

“मला जास्त लागेल,” त्या म्हणाल्या, आणि खूण घातलेलं पान उघडून पुढची ओवी वाचू लागल्या.