हायस्कूलची वीस वर्षंही सांगायला हवी होती

अमेरिकन फुटबॉलमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे डिफेन्सिव्ह लाइन कोच, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीचे प्रशिक्षक, लॅरी जॉन्सन यांच्यावरचा लेख आवडला, पण जोई आणि निक हे बोसा बंधू आणि चेस यंग या त्यांच्या शिष्यांवरच तो आटोपला याची रुखरुख लागली. १९९६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून येण्याआधी हा माणूस सुमारे दोन दशकं मेरीलँड-व्हर्जिनियातल्या हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता. माझ्या मते त्यांचं कसब तिथंच घडलं.

मुलगा कोलंबसला, ओहायो स्टेटच्या गावी, शिकायला गेल्यापासून मी हे सामने बघतो. आधी नजर चेंडूमागेच धावायची, आता पुढच्या फळीचे हात बघतो. बोटं गवतात टेकलेली, डोळे चेंडूवर. तो हलला रे हलला की पहिलं पाऊल, आणि समोरच्याचे हात छातीला भिडायच्या आत मनगटावर फटका मारून ते बाजूला! तालमीतला वस्ताद डाव घोटून घेतो ना, तसंच रोज घोटावं लागतं हे. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये जोई २०१६ ला तिसरा निवडला गेला, निक २०१९ ला दुसरा, यंग २०२० ला दुसरा. तिघांच्या हातांत तीच सफाई.

आणि डिसेंबर २०२०? मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना कोविड झाला तेव्हा मिशिगन स्टेटविरुद्ध संघ जॉन्सननीच उतरवला आणि ५२-१२ असा जिंकून दिला. ओहायो स्टेटच्या फुटबॉल सामन्यात मुख्य प्रशिक्षक म्हणून उभे राहिलेले ते पहिले कृष्णवर्णीय. यावर एक ओळही नसावी, याचं फार वाईट वाटलं.